स्टोरेज कंट्रोलरचा डीएमए मास्क सरसकट 32 बिट ठेवावा का?

रात्रपाळी
डीएमए म्हणजे कंट्रोलरने सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरी वाचणं-लिहिणं, आणि मास्क म्हणजे तो किती बिटांच्या पत्त्यापर्यंत पोहोचतो ते; 32 बिट म्हणजे 4 जीबीपर्यंत. लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिताना हा मास्क 32 बिटच ठेवावा, असं माझं मत. 64 बिट जमतं असं कंट्रोलर छातीठोक सांगतो, पण एटीआयचा एसबी600 हा चिपसेट आठवा. एएचसीआयच्या (साटा डिस्क कंट्रोलरच्या मानकाच्या) कॅपॅबिलिटी रजिस्टरमध्ये 31 क्रमांकाचा बिट, म्हणजे 64 बिट जमतं हा दावा, चढवून बसलेला, आणि 64 बिट डीएमए काही झेपेना. शेवटी कर्नलने त्याच्यावर 32 बिटची सक्ती केली. डेटा बिघडण्यापेक्षा जरा हळू चाललेलं परवडलं.

बिटबखर
साफ असहमत. "जरा हळू" म्हणजे काय ते बघा. आयओएमएमयू (कंट्रोलरसाठी मेमरीचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) नसेल तर 4 जीबीच्या वरचा प्रत्येक बफर सीपीयूने आधी 4 जीबीच्या खालच्या तात्पुरत्या जागेत, म्हणजे बाउन्स बफरमध्ये कॉपी करायचा, मग कंट्रोलरने तिथून उचलायचा. वाचताना हेच उलट. मग त्याला डीएमए कशाला म्हणायचं? या बाउन्स बफरांचा पूल डीफॉल्टने 64 एमबीचा, त्यात एका मॅपिंगला (बफर डीएमएसाठी तयार करण्याला) सलग 256 केबीच्या वर जागा नाही. क्यू खोल असली, म्हणजे एकाच वेळी बऱ्याच विनंत्या चालू असल्या, की पूल भरतो, मॅपिंग फेल जातं, आणि ड्रायव्हरने ती एरर तपासली नसेल तर ज्या डेटासाठी हा खटाटोप, तोच गेला.

शिवाय एसबी600 ची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. पुढे काही मदरबोर्डांवर बायोसची तारीख पाहून त्याच चिपला 64 बिट परत दिलं गेलं. औषध आजाऱ्याला द्यावं, अख्ख्या घराला नव्हे.

रात्रपाळी
आयओएमएमयू असला की कॉपीचा प्रश्न मिटतो. तो 4 जीबीच्या आतलाच पत्ता काढून देतो.

बिटबखर
चालू असला तर! पासथ्रूवर, म्हणजे पत्ते न बदलता तसेच जाऊ देण्यावर, ठेवला की ती सोय गृहीत धरता येत नाही.

टिचकी
तुम्ही दोघं मास्कवर भांडताय, मी पाहिलेले बग मात्र बहुतेक वेळा स्कॅटर-गॅदर लिस्टमध्ये, म्हणजे मेमरीत विखुरलेल्या तुकड्यांच्या यादीत, निघतात. मॅप करताना 8 नोंदी दिल्या तरी शेजारच्या जोडल्या जाऊन 5 परत येऊ शकतात. कंट्रोलरला द्यायच्या डिस्क्रिप्टरमध्ये त्या 5 भरायच्या, अनमॅप करताना मात्र मूळ 8 चाच आकडा द्यायचा. इथे हमखास घोळ होतो.

आणि "64 फेल गेलं तर 32 करून बघू" हा कोड आता काढा. जिथे 32 चालतं तिथे कर्नल 64 ला नाही म्हणत नाही, त्यामुळे ती फांदी कधी चालतच नाही.

रात्रपाळी
फांदी काढतो. मास्कबद्दल मत तेच, निदान नव्या, न तपासलेल्या चिपसाठी तरी.