जावई फिफ्थ-व्हील ट्रेलर घेताहेत, ६ माणसांसाठी किती फुटी बरा पडेल?

सावदेकर_काका

राम राम मंडळी. लेक-जावई अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतात, मे महिन्यात मी आणि मिसेस तिकडे जातोय, चांगले चार-पाच महिने मुक्काम आहे. जावयांच्या मनात आहे की हॉटेलं करत फिरण्यापेक्षा फिफ्थ-व्हील ट्रेलरच घ्यायचा, म्हणजे चाकावरचं घर, आत किचन, संडास-बाथरूम, बेड सगळं, पिकअपला जोडायचा आणि यलोस्टोन, मेसा व्हर्डे, रॉकी माउंटन असं निवांत फिरायचं. आम्ही परत आल्यावर ते चौघं वापरतीलच. माणसं ६ धरा, ते दोघं, नातवंडं ७ आणि ४ वर्षांची, आणि आम्ही दोघं. मिसेसच्या गुडघ्यांचा त्रास आहे हे आधीच सांगून ठेवतो.

दोन मॉडेल बघून ठेवलेत. एक ३८ फुटी, फुल लोड वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर १५,५०० पौंड, दुसरा ३१ फुटी, ११,००० पौंडाचा. सध्या गाडी फोर्ड एफ-१५० आहे, दाराच्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे गाडीवर जास्तीत जास्त लादता येणारं वजन, १,६५० पौंड लिहिलंय. तिकडचा सेल्समन म्हणतो मोठाच घ्या, सगळे मोठाच घेतात, आणि ३१ फुटी तर तुमची गाडी आरामात ओढते.

मी आयुष्यभर केळीच्या ट्रान्सपोर्टमध्ये काढलं, सावदा-रावेरहून दिल्लीपर्यंत गाड्या भरून पाठवल्या, त्यामुळे सेल्समनच्या बोलण्यावर मला काही विश्वास बसत नाही, पण ट्रेलर-घर हा प्रकार मी वापरलेला नाही. पोरांचे पैसे मोठे आहेत, आणि आत आमची नातवंडं बसणार. कोणी वापरलाय का, किंवा या लाइनमधलं कोणी असेल तर सविस्तर सांगा.

धुळे_बॉडीवर्क्स

काका नमस्कार, माझं धुळ्याला ट्रक-ट्रेलर बॉडीचं काम आहे म्हणून बोलतो. फिफ्थ-व्हील म्हणजे आपल्या सुरत-नागपूर हायवेवर जे ट्रेलर दिसतात त्यांचंच कपलिंग, ट्रेलरच्या खाली किंगपिन म्हणजे जाड खुंटी आणि गाडीवर ती अडकवायची घोड्याच्या नालेसारखी प्लेट, फरक एवढाच की तिथे ती प्लेट पिकअपच्या हौद्यात मागच्या एक्सलच्या वर बसवतात. ट्रॅक्टरला ट्रॉली हुकाला लावतो तेव्हा ट्रॉलीचं बरंचसं वजन तिच्याच चाकांवर राहतं, इथे तसं नाही, इथे ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १५ ते २५ टक्के वजन थेट गाडीच्या पाठीवर येतं, साधारण २० टक्के धरून चाला. मागे बंपरच्या बॉलला लावतात त्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये हेच १० ते १५ टक्के असतं.

आता तुमचा ३१ फुटी घ्या. ११,००० चे २० टक्के म्हणजे २,२०० पौंड, जवळजवळ १,००० किलो. गाडीचा पेलोड १,६५० म्हणजे साडेसातशे किलोच्या आत, आणि त्या पेलोडमध्ये माणसं पण आली, हिच म्हणजे ती जोडणीची प्लेट पण आली, गाडीतलं सामान पण आलं. माणूस न बसवता सुद्धा गाडी ओव्हरलोड. इंजिन ओढेल हो, सेल्समन खोटं बोलत नाही, पण ओढायची ताकद वेगळी आणि एक्सल, स्प्रिंग, टायर, ब्रेक यांची झेपायची ताकद वेगळी, हे तुम्हाला मी काय सांगणार. ३८ फुटीचं तर नावच नको, १५,५०० चे २० टक्के ३,१०० होतात, त्याला मागे डबल टायरवाली गाडी लागेल, तिला तिकडे डुअली म्हणतात.

म्हणून पहिले गाडी देखा, मग घर देखा. आणि ब्रोशरमध्ये जे ड्राय वेट छापलेलं असतं ना, त्याच्यावर एक रुपयाचा हिशोब करू नका. ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी नाही, सामान नाही, बऱ्याचदा बॅटरी आणि गॅस पण नाही, आणि बॅटरी, सिलिंडर, पुढची मोठी डिकी हे सगळं नेमकं पिनच्या बाजूला असतं, त्यामुळे भरल्यावर पिनवरचं वजन छापलेल्यापेक्षा चांगलंच वाढतं. हिशोब नेहमी जीव्हीडब्ल्यूआरवर करायचा.

चोपडा_राइडर

काका जास्त टेन्शन घेऊ नका, माझा मित्र तिकडे आहे त्याच्याकडे ४० फुटी आहे, एकदम बंगला. ६ माणसं चार-पाच महिने म्हणजे छोट्यात भांडणं होतील, मोठाच घ्या आणि गाडी बदला, डुअली घ्या की, एकदाच काय तो खर्च.

भुसावळची_लेक

काका, मी माहेरची भुसावळची, लग्नानंतर कोलोरॅडोतच आहे आणि आमच्याकडे ३० फुटी फिफ्थ-व्हील आहे, सासू-सासरे येतात तेव्हा आम्ही पण ६ जण होतो म्हणून तुमचा प्रश्न अगदी जवळचा वाटला. चोपड्याच्या दादांचं म्हणणं एका जागी महिना-महिना राहणाऱ्यांसाठी बरोबर आहे, बरीच रिटायर्ड मंडळी तशी राहतात, त्यांना ४० फूट शोभतो. तुम्ही तर नॅशनल पार्क फिरणार.

तिथली सरकारी कॅम्पग्राउंड बरीचशी जुनी आहेत, त्या काळी एवढे मोठे ट्रेलर नव्हतेच, झाडांमधून वळणावळणाचे छोटे रस्ते आणि गाडी लावायला आखूड जागा. रिक्रिएशन डॉट गव्हवर बुकिंग करताना प्रत्येक साइटची जास्तीत जास्त लांबी लिहिलेली असते, जावयांना म्हणावं आधी तुमच्या आवडीची ठिकाणं उघडून ३८ टाकून बघा आणि मग ३० टाकून बघा, किती साइट गायब होतात ते डोळ्यांनी दिसेल. आणि मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका, २९ लिहिलेला ट्रेलर पिनपासून मागच्या बंपरपर्यंत मोजला तर बऱ्याचदा ३२-३३ फूट भरतो. खरी लांबी स्पेसिफिकेशनमध्ये बघायची.

लांबी कितीही घ्या, काही रस्त्यांवर ट्रेलर न्यायचाच नसतो. ग्लेशियर पार्कचा गोइंग-टू-द-सन रोड आहे तिथे मधल्या घाटात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला परवानगी नाही. रॉकी माउंटनमधल्या ओल्ड फॉल रिव्हर रोडवर ट्रेलर चालत नाही. आम्ही ट्रेलर कॅम्पवर लावून ठेवतो आणि पिकअप सुट्टी करून फिरतो. हीच तर फिफ्थ-व्हीलची मजा आहे, घर एका जागी आणि गाडी मोकळी.

आता काकूंच्या गुडघ्यांचं बोलते, कारण फुटांपेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं. फिफ्थ-व्हीलमध्ये पिकअपच्या वरती जो भाग येतो तिथे मुख्य बेडरूम असते, म्हणजे आत शिरायला तीन-चार पायऱ्या, मग आतमध्ये आणखी दोन-तीन पायऱ्या चढून बेड. आणि बऱ्याच मॉडेलमध्ये बाथरूम पण वरच, बेडरूमला लागून. काका-काकू खाली सोफा-बेडवर झोपले तर रात्री दोनदा उठायचं म्हणजे अंधारात त्या अरुंद पायऱ्या चढायच्या, शिवाय लेक-जावयांच्या दारावरून जायचं, मोठ्या माणसांना किती अवघड होतं ते! माझ्या सासूबाई संध्याकाळी ६ नंतर पाणी प्यायच्याच नाहीत, मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. बंकहाउस म्हणजे पोरांसाठी एकावर एक बेड असलेलं मॉडेल, त्यात काहींना मागे खाली वेगळं छोटं टॉयलेट असतं, त्याला बाथ-अँड-हाफ म्हणतात. ३१-३२ फुटांत तसा प्लॅन मिळाला तर डोळे मिटून तो घ्या. नातवंडं बंकवर, तुम्ही दोघं खाली, सगळ्यांची सोय.

दुसरं, शोरूममध्ये स्लाइड आत घ्यायला लावा. स्लाइड म्हणजे भिंतीचा जो भाग बाहेर सरकतो आणि खोली मोठी होते तो. रस्त्याने जाताना ते आत असतात, तेव्हा फ्रिज उघडतो का, टॉयलेटपर्यंत जाता येतं का ते बघा. काही मॉडेलमध्ये पार रस्ताच बंद होतो, मग हायवेवर पोराला शू लागली की पूर्ण स्लाइड उघडा.

आणि ६ माणसं गाडीत बसणार कुठे हा विचार झालाय का? क्रू-कॅबमध्ये, म्हणजे चार दारांच्या पिकअपमध्ये, पुढे दोन स्वतंत्र सीट असतील तर ५ च जण बसतात. पुढे बाकड्यासारखी सलग सीट असेल तरच ६ बेल्ट मिळतात. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायचा विचार मनात पण आणू नका, काही राज्यांत चालतं काही ठिकाणी नाही, पण चालत असलं तरी तिथे बेल्ट नाही, काही नाही.

धुळे_बॉडीवर्क्स

ताई सीटचं बोलल्या ते एक नंबर. त्याच्यात भर घालतो. फोर्डचीच मोठी पिकअप एफ-३५०, मागे सिंगल टायरवाली, घेतली आणि समजा स्टिकरवर ३,६०० पौंड निघाले (प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो, त्याच मॉडेलमध्ये डिझेल इंजिन वजनाला जड म्हणून पेलोड कमी होतो, त्यामुळे नेमक्या त्या गाडीच्या दाराचा फोटो मागा). त्यातून ६ माणसांचे ८०० आणि हिचचे १५० काढा, राहिले २,६५०. पिनवर २२ टक्के धरले तर ट्रेलर १२,००० पौंडापर्यंत बसतो. म्हणजे तुमचा ११,००० चा ३१ फुटी आरामात, थोडी जागा शिल्लक ठेवून. तुमचा साइज इथेच ठरला बघा.

हौदा पण मोजा. ८ फुटी असेल तर प्रश्न नाही, साडेसहा किंवा साडेपाच फुटी असेल तर अगदी काटकोनात वळताना ट्रेलरचं नाक कॅबिनच्या मागच्या काचेवर येतं, तिथे मागे सरकणारा स्लाइडर हिच लागतो.

सावदेकर_काका

वा, याला म्हणतात सल्ला. ताई, त्या पायऱ्यांचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, ना जावयांच्या ना माझ्या. मिसेसला वाचून दाखवलं, ती म्हणे ताईला सांगा की मी पण पाणी पिणं सोडलंच असतं.

अजून दोन शंका. तिथे इंटरस्टेट ७० वर मोठा घाट आहे म्हणतात. आणि आपलं जेवण, रोज भाकरी-भाजी, भरीत, फोडण्या, हे त्या डब्यात जमतं का?

भुसावळची_लेक

घाट खरंच मोठा आहे काका. आयझेनहॉवर टनेल ११,१५८ फुटांवर आहे आणि तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्के उतार, मैलोनमैल. आपल्या बिजासन घाटात ट्रक कसे लोअर गिअरमध्ये उतरतात ते तुम्ही पाहिलंय, तसंच उतरायचं. एवढ्या उंचीवर साधं पेट्रोल इंजिन दमतं, हवा विरळ असते ना. टर्बो डिझेलला तेवढा त्रास नाही आणि एक्झॉस्ट ब्रेक मिळतो, म्हणजे उतारावर इंजिनच गाडीला आवरतं, त्यामुळे डिझेलच बघा, पेलोड तपासून. ट्रेलरचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात, ते दरवेळी निघताना तपासायचे.

जेवणाचं म्हणाल तर तीन बर्नरची शेगडी असते, भाकरी मस्त होते. ३० पौंडाची प्रोपेनची टाकी म्हणजे १३.६ किलो, आपल्या घरच्या १४.२ च्या सिलिंडरएवढीच धरा, बहुतेक फिफ्थ-व्हीलना दोन असतात. फोडणी मात्र शक्यतो बाहेर, आत ठेचा परतला की सगळे खोकत बाहेर पळतात आणि वास पडद्यांना आठवडाभर राहतो. म्हणून आउटडोअर किचनवालं मॉडेल मिळालं तर आपल्यासाठी सोन्याहून पिवळं. भरिताची वांगी बाहेरच्या ग्रिलवर भाजा, उन्हाळ्यात बऱ्याचदा फायर बॅन असतो, त्या दिवशी लाकूड-कोळसा चालत नाही, गॅसवर भाजायची. अस्वलांच्या भागात खाण्याचं काहीही बाहेर सोडायचं नाही. यलोस्टोनचं फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंड तर याच कारणाने फक्त कडक भिंतीच्या गाड्यांना आहे, तंबू चालत नाहीत.

जेवणापेक्षा पाण्याचं बघा. भांडी आपल्यासारखी वाहत्या नळाखाली घासली तर ग्रे टँक, म्हणजे सांडपाण्याची टाकी, दोन दिवसांत भरते आणि मग सगळं आवरून ती रिकामी करायला डंप स्टेशनला जा. ६ जणांसाठी तिन्ही टाक्यांची (चांगलं पाणी, सांडपाणी, संडास) साइज फुटांइतकीच बारकाईने बघा. आणि ६० गॅलन पाणी भरलं की २२५ किलोच्या वर वजन वाढतं हे धुळ्याच्या दादांच्या हिशोबात धरा.

धुळे_बॉडीवर्क्स

बरोबर. आणि एकदा सगळं भरून, माणसं बसवून, काट्यावर चढवा. तिकडे ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात, पुढचा एक्सल, मागचा एक्सल, ट्रेलर असं वेगवेगळं वजन मिळतं. टायरवर DOT असं लिहून जो कोड छापलेला असतो त्याचे शेवटचे चार आकडे बघा, २३२४ असेल तर २०२४ सालातला २३ वा आठवडा. शोरूममध्ये उभ्या-उभ्या जुने झालेले टायर असतात बऱ्याचदा.

नंदुरबारी

मस्त चर्चा. विषयाला सोडून विचारतो, असा ट्रेलर आपल्याकडे तोरणमाळला नेता येईल का?

धुळे_बॉडीवर्क्स

भाऊ, ३० फुटी ट्रेलर त्या वळणांवर नाही वळणार. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन टुरिझम धोरण २०२१ चं आहे, पण आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरएवढी सलग मोटर-कॅराव्हॅनच सोयीची. आरटीओत आधी विचारा, मग बॉडीचं बोलू.

भुसावळची_लेक

काका एक राहिलं. विकत घ्यायच्या आधी आउटडोअरसी किंवा आरव्हीशेअर या वेबसाइटवरून ३० फुटी बंकहाउस एका वीकेंडला भाड्याने घ्या, काही मालक स्वतः कॅम्पवर आणून लावून देतात, पिकअप पण लागत नाही. नवीन ट्रेलरची किंमत शोरूमबाहेर पडली की झपकन उतरते, त्यापुढे भाडं काहीच नाही. आणि जावयांच्या सोसायटीत दारात ट्रेलर उभा करू देतात का ते विचारा, आमच्याकडे देत नाहीत, स्टोरेजचं भाडं फुटांवर आहे.

सावदेकर_काका

जावयांशी आत्ताच व्हिडिओ कॉल झाला. ३८ फुटी कॅन्सल. एफ-३५० चे दोन डीलर आहेत, दोघांकडून स्टिकरचे फोटो मागवलेत, आणि पुढे सलग सीट आहे का ते पण विचारायला लावलंय. मेच्या शेवटी आम्ही पोचलो की भाड्याचा घेऊन एक वीकेंड काढू, मिसेस स्वतः पायऱ्या चढून-उतरून बघेल मगच ठरवायचं. ३२ फुटी बाथ-अँड-हाफचे दोन प्लॅन लेकीने शोधलेत, रात्री इथे टाकतो, ताई तुम्ही तेवढी त्यांची खरी लांबी आणि टाक्या बघून सांगा.