ग्लेअर विसरलात का?

कोणीतरी म्हटलंय की युनिव्हर्सिटीतलं कंपोझिटचं (दोन-तीन वेगळे पदार्थ एकत्र करून बनवलेल्या मटेरियलचं) संशोधन पेपर छापण्यापुरतंच असतं, पण नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातलं ग्लेअर हे विमानाचं मटेरियल बघा की. अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, मधेमधे ग्लास फायबरचे थर, अळुवडीसारखं एकावर एक रचायचं (गुंडाळायचं नाही फक्त) आणि ऑटोक्लेव्हमध्ये (मोठ्या प्रेशर कुकरसारख्या भट्टीत) दाबाखाली भाजायचं. गंमत म्हणजे पत्र्याला चीर गेली तरी फायबर तिला धरून ठेवतात त्यामुळे ती पसरते फार हळू. आधी अरामिड (केव्हलारसारखे) फायबर लावून बघितलेले पण ते फटीगमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून, तुटायला लागले, मग काच आली. एअरबस ए३८० विमानाच्या फ्यूजलाजचा (धडाचा) वरचा बराचसा भाग याचाच. वेळ लागला हे मान्य, १९८० च्या दशकातलं काम आणि विमान उडालं २००५ ला.