गुरप्रीतसिंग संधूला भारताचा सर्वोत्तम फुटबॉल गोलरक्षक म्हणावं का?

कूपरेज_स्टँड
गुरप्रीतला 'आजवरचा सर्वोत्तम' म्हणायची हल्ली रीतच पडली आहे. मला ते पटत नाही. गोलरेषेवर तो जितका भक्कम, तितकाच रेषा सोडल्यावर बेभरवशाचा.

2019 चे पाचच आठवडे बघा. 10 सप्टेंबरला दोह्यात आशियाई विजेत्या कतारविरुद्ध 0-0. नेहमीचा कप्तान सुनील छेत्री आजारी, कप्तानी गुरप्रीतकडे, कतारचे 25 हून जास्त फटके आणि एकही आत नाही. मग 15 ऑक्टोबरला कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध फ्री-किकवर तो पुढे आला, चेंडूपर्यंत पोचलाच नाही आणि साद उद्दीनने हेडर मारला. 88व्या मिनिटाला गोव्याच्या आदिल खानने बरोबरी साधली म्हणून निभावलं.

जानेवारी 2024, आशियाई कप. ऑस्ट्रेलियाला मध्यंतरापर्यंत रोखून धरलं. 50व्या मिनिटाला क्रॉसला, म्हणजे बाजूने गोलसमोर मारलेल्या चेंडूला, गुरप्रीतचा हात लागला, पण चेंडू गेला थेट जॅक्सन अर्व्हाइनसमोर. त्याच वर्षी नोव्हेंबरात हैदराबादला मलेशियाविरुद्ध लांब चेंडूवर तो बाहेर धावला, चेंडू हुकला आणि पाउलो जोसुएने रिकाम्या गोलात ढकलला. तिन्ही चुका एकाच जातीच्या, आणि पहिली-तिसरीत पाच वर्षांचं अंतर. पाच वर्षांत जे सुधारलं नाही त्याला सर्वोत्तम कसं म्हणायचं?

सहा_यार्ड
एकाच जातीच्या नाहीत. रेषा सोडली एवढंच तिन्हींत सारखं. कीपिंग शिकवणारा माणूस या तिघांवर तीन वेगळे उपाय सांगेल.

कोलकात्याची चूक चेंडूचा मार्ग वाचण्यातली. बाजूच्या फ्री-किकवर कीपरने गोलच्या मध्यापासून किंचित लांबच्या खांबाकडे, रेषेपासून दीड-दोन मीटर पुढे उभं राहायचं असतं आणि शरीर मैदानाकडे उघडं ठेवायचं असतं. पाऊल टाकायचं ते चेंडू पायावरून सुटून त्याची उंची आणि वळण कळल्यावर. आधीच निघालं की वाटेत चेंडूने दिशा बदलली तरी परतता येत नाही, कारण वजन पुढच्या पायावर गेलेलं असतं. उंच कीपर इथे जास्त फसतात. गुरप्रीत सहा फूट पाच इंचांच्या आसपास आहे. हात पुरेल असा भरवसा असला की माणूस लवकर निघतो.

ऑस्ट्रेलियाच्या गोलमध्ये बाहेर येणं चूक नव्हतं, चूक हात लावण्यात होती. चेंडू धरता येत नसेल तर दोन्ही मुठी जोडून, चेंडूच्या खालच्या भागावर, उंच, लांब आणि बाजूला. हात जेमतेम पुरत असेल तर चेंडूला त्याच्याच दिशेने पुढे जाऊ द्यायचं, म्हणजे तो दुसऱ्या बाजूला निघून जातो. मधोमध पडला की पेनल्टी स्पॉटच्या आसपास कुणीतरी उभा असतोच.

मलेशियाचा गोल निव्वळ निर्णयाचा. बचाव फळी वर चढलेली असली की कीपरला बॉक्सच्या कडेजवळ, म्हणजे गोलपासून 14-15 मीटरवर उभं राहावं लागतं. लांब चेंडू पडला की पहिल्या दोन पावलांत ठरवायचं, येतो की थांबतो. आलं तर आलंच, आणि 'कीपर!' ही हाक बचावपटूने पाय उचलायच्या आत गेली पाहिजे. अर्धवट आलं की दोघंही चेंडूकडे बघत राहतात. या प्रकारात गुरप्रीत खरोखर कच्चा आहे, हे मान्य. पण तीन गोल एका माळेत ओवून कारकीर्द मोजू नका.

मडगावकर
'आजवरचा' म्हणताना लोक 2010 च्या मागे जातच नाहीत, हे मला जास्त खटकतं. ताळगावचे ब्रह्मानंद संखवाळकर साळगावकर क्लबकडून खेळले, भारताचे कप्तान झाले. 1984 ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा, गोव्याने एकही गोल न खाता जिंकली, गोलमध्ये ब्रह्मानंद. अर्जुन पुरस्कार मात्र थेट 1997 साली. आणि त्यांच्याही आधी पीटर थंगराज. 1962 च्या जकार्ता आशियाई खेळांत दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सुवर्ण मिळालं, त्या अंतिम सामन्यात गोलमध्ये तेच. गुरप्रीतच्या नावावर देशासाठी इतक्या तोलाचं काय आहे?

पेठेतला_कीपर
मडगावकर, ब्रह्मानंदांचं मोठेपण मान्यच. पण तुलनेत एक अडचण आहे. बॅकपासचा नियम 1992 साली आला. त्याआधी आपल्याच बचावपटूने मागे दिलेला चेंडू कीपर सरळ हातात घ्यायचा. दोन खेळाडू अंगावर धावून येत असताना डाव्या पायाने 40 मीटरवर अचूक पास द्यायची वेळ थंगराज किंवा ब्रह्मानंदांवर आली नाही. आजच्या कीपरच्या निम्म्या चुका तिथेच होतात. त्या काळचं काम सोपं होतं असं नाही. गुडघाभर चिखलात, जड झालेला चेंडू, पुढच्यांची धडक, आणि पंच आजच्याइतकं संरक्षण देत नसत. ते कामच वेगळं होतं.

देशासाठी काय, तर 4 जुलै 2023, बंगळूर, सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना. कुवेतशी 1-1, पेनल्टी शूटआउट सडन डेथमध्ये (पाच-पाच किकनंतरही बरोबरी, मग एकेक किक), आणि खालिद हाजियाची किक गुरप्रीतने अडवली. उपांत्य सामन्यातही लेबनॉनची पहिलीच किक, हसन मातूकची, त्याने अडवली होती.

पेनल्टीला तो नशिबावर उडी मारत नाही, हे नीट बघण्यासारखं आहे. 11 मीटरवरून चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत गोलवर येतो. किक बसेपर्यंत निदान एका पायाचा काही भाग रेषेवर, हवेत असला तर रेषेच्या बरोबर वर, किंवा रेषेच्या मागे हवा, नाहीतर अडवलेली किक परत घ्यावी लागते. गुरप्रीत मागचा पाय रेषेवर ठेवतो, शेवटच्या क्षणापर्यंत उभा राहतो आणि आडवा न पडता तिरका पुढे झेपावतो. त्याने कोन कमी होतो. लांब हातांचा खरा उपयोग इथे होतो.

कूपरेज_स्टँड
शूटआउट ही सगळी रेषेवरचीच कामं झाली, पेठेतले. माझाच मुद्दा सिद्ध होतोय. 90 मिनिटांत दोन-तीन अवघड फटके येतात, क्रॉस आणि मागे पडलेले चेंडू त्याच्या कितीतरी पट.

उत्तरध्रुव
क्लबची बाजू कुणी घेतलीच नाही. ईस्ट बंगाल सोडून 2014 साली तो नॉर्वेच्या स्टाबेकला गेला. तीन हंगामांत लीगचे सामने थोडेच मिळाले, कारण निवडीत त्याच्या पुढे आयव्हरी कोस्टचा कीपर सय्युबा मांदे होता. 2016 मध्ये युरोपा लीग या युरोपच्या क्लब स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळला, हे आधी कुठल्याही भारतीयाने केलं नव्हतं. माझ्या मते या बदलाची किंमतही त्याने मोजली. बाविसाव्या ते पंचविसाव्या वर्षी कीपरला सराव नव्हे, सामने लागतात. बाहेर यावं की नाही, ही जाण सरावात येत नाही, कारण सरावात क्रॉस कुठून येणार हे माहीत असतं. कूपरेज म्हणतात ती उणीव मला त्या तीन वर्षांतली वाटते.

बंगळूर एफसी क्लबला 2017 साली आल्यावर बघा. 2018-19 चं आयएसएल (इंडियन सुपर लीग) विजेतेपद, मुंबईतल्या अंतिम सामन्यात गोव्याविरुद्ध क्लीन शीट, म्हणजे एकही गोल खाल्ला नाही, मुंबईकर राहुल भेकेचा जादा वेळेतला गोल. लागोपाठ दोन हंगाम गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम कीपरचा पुरस्कार.

बालेवाडी_गेट
मग विशाल कैथचं नाव का नाही? तो पुण्यात एफसी पुणे सिटीकडून खेळायचा तेव्हापासून क्रॉसवर निश्चिंत वाटतो. मोहन बागानसाठी दोनदा गोल्डन ग्लोव्ह घेतला.

सहा_यार्ड
विशालला संधी मिळाली ना. मार्च 2025 मध्ये शिलाँगला बांगलादेशविरुद्ध पहिल्याच मिनिटाला त्याची किक प्रतिस्पर्ध्याच्या पायात गेली, नशिबाने गोल झाला नाही. 10 जूनला हाँगकाँगविरुद्ध जादा मिनिटांत उंच चेंडूवर बाहेर आला, चेंडूऐवजी खेळाडूला लागला, पेनल्टी, 0-1. म्हणजे जो दोष गुरप्रीतच्या माथी मारताय तोच. ऑगस्टमध्ये नवे प्रशिक्षक खालिद जमील यांनी गुरप्रीतला परत आणलं. ताजिकिस्तानविरुद्ध पेनल्टी अडवली, ओमानविरुद्ध शूटआउटची शेवटची किक अडवली.

दोष एका माणसाचा नाही. आपल्याकडे कीपरला वेगळा प्रशिक्षक मिळतो तोवर पोरगा मोठा झालेला असतो. लहानपणी छोट्या मैदानावर खेळून क्रॉस येतच नाहीत, तो फक्त फटके अडवायला शिकतो. बारा-तेराव्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा, दोन्ही बाजूंनी वीस-वीस क्रॉस, समोर धक्के देणारी तीन-चार माणसं, आणि प्रत्येक चेंडूला मोठ्याने हाक. एवढं केलं तरी फरक पडेल.

मडगावकर
14 ऑक्टोबर 2025 ला मडगावात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरकडून 1-2 हरलो आणि आशियाई कपची वाट बंद झाली, तेव्हाही गोलमध्ये गुरप्रीतच होता. त्या हरण्याचं खापर मी त्याच्यावर फोडणार नाही, पुढची फळीही कमी पडली. पण सत्तरहून जास्त सामने खेळलेल्या, तेहेतिशी ओलांडलेल्या कीपरच्या मागे पुढचा माणूस तयार नाही, ही संघ निवडणाऱ्यांची चूक आहे. मैत्रीपूर्ण सामन्यांत तरी दुसऱ्याला पूर्ण 90 मिनिटं द्या.

कूपरेज_स्टँड
यावर मात्र एकमत. 'सर्वोत्तम' या शब्दावर नाही.