जुन्या बोटीच्या केबिनमधलं कार्पेट बदलायचंय, सल्ला हवा

नीलिमा_साउदम्प्टन:
नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये साउदम्प्टनजवळ हॅम्बल नदीवर आमची १९७६ची २६ फुटी शिडाची बोट आहे, फायबरग्लासची. केबिनच्या भिंतींना आतून चिकटवलेलं कार्पेट सुटून लोंबतंय. एक कोपरा ओढला तर मागच्या स्पंजचा पिवळा भुगा गादीवर सांडला. बोट सध्या पाण्याबाहेर आहे. कार्पेट कोणतं घ्यावं? जुन्यावरच नवीन चिकटवलं तर चालेल का?

खलाशी_अलिबाग:
ताई, जुन्यावर अजिबात नको. गोंद त्या भुग्याला धरेल, भिंतीला नाही. दोन उन्हाळ्यांत पुन्हा लोंबेल. जुने तुकडे अख्खे सोडवा, नंबर घालून ठेवा, त्यांच्यावरूनच नवीन कापायचं. मग ड्रिलला तारेचा ब्रश लावून स्पंज पार खरवडा. हेच खरं काम, बाकी सोपं. मास्क आणि चष्मा हवाच.
आणि कार्पेट सुटलं कुठून, ते आधी बघा. वर डेकवर पाणी ओता, आत कुणाला तरी टॉर्च घेऊन बसवा.

मंदार७२:
खलाशीदादांशी सहमत. कार्पेट व्हॅनला आतून लावतात ते घ्या, पॉलिप्रॉपिलिनचं, चारी बाजूंनी ताणणारं, मागे स्पंज नसलेलं. ते पाणी पीत नाही आणि गोलाईवर सुरकुत्या न पडता बसतं. दोन-दोन इंच जास्त कापा.
गोंद उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह. भिंतीला आणि कार्पेटला दोन्हीकडे लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मधून कडेकडे दाबत जायचं. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून दोघं लागतात. थंड, घाम आलेल्या भिंतीवर लावू नका. मे महिन्यापर्यंत थांबा.
एक गोष्ट कळकळीने सांगतो: या गोंदाची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळाशी साचते आणि पेट घेते. हवा खेळण्यासाठी डेकवरची सगळी झाकणं उघडी ठेवा, शेगडी बंद, बॅटरीची जोडणीही काढा.

नीलिमा_साउदम्प्टन:
दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी पाणी ओतलं. डाव्या कठड्याच्या मधल्या खांबाच्या बोल्टवरून थेंब थेंब उतरत होतं, बरोबर कार्पेट सुटलं होतं तिथेच. तो खांब काढून नवीन सीलंट भरते, मगच ब्रश हातात घेते. मंदार, बोल्टच्या नटांवरूनही कार्पेट चिकटवायचं का?

मंदार७२:
नाही. तिथे वेगळी पट्टी वेल्क्रोने लावा. पुढच्या वेळी गळलं तर पाना लगेच पोचला पाहिजे.