मदत हवी: नवा जोडलेला कॉम्प्युटर चालूच होत नाही

प्रेषक: ग्रंथालय विभाग

नमस्कार मंडळी,

पुस्तकांच्या यादीऐवजी आज वेगळ्याच कामासाठी लिहितेय. लेकीने आणि मी मिळून सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जोडला. मदरबोर्ड (ज्यावर बाकीचे भाग जोडतात तो बोर्ड) एएम५ सॉकेटचा, त्यात बसणारा प्रोसेसर रायझन ७००० मालिकेतला, डीडीआर५ रॅमच्या दोन पट्ट्या, एनव्हीएमई एसएसडी (साठवणीचा ड्राइव्ह), वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि ७५० वॅटचा मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींचा, पॉवर सप्लाय. मॅन्युअल शेजारी उघडं ठेवून एकेक पान बघत जोडणी केली.

बटण दाबलं तर काहीच होत नाही. पंखा हलत नाही, आवाज नाही, स्क्रीनवर काही नाही. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणतो, "मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय दोन्ही परत पाठवा." पण बिघाड नेमका कशात आहे हे कळल्याशिवाय सगळं पुन्हा उचकटायला मन घेत नाही. लेकीने कितीतरी रात्री जागून यातला एकेक भाग निवडलाय, आणि आता ती त्या खोक्याकडे बघायलाही तयार नाही. कुणाला यातलं कळत असेल तर सुरुवात कुठून करू तेवढं सांगा.

प्रेषक: कोषाध्यक्ष

ताई, माझं स्पष्ट मत: पॉवर सप्लाय बदलून घ्या. काहीच हलत नाही म्हणजे वीजच पोचत नाही, आणि वीज देणारा भाग तोच. परत करायची मुदत असते, ती हातची जाऊ देऊ नका.

प्रेषक: वेबसाइट समिती

ताई, काका, नमस्कार.

काका, मुदतीचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं, तारीख बघून ठेवायलाच हवी. पण पॉवर सप्लायवर इतक्यात खापर फोडू नये असं मला मनापासून वाटतं. नव्या मशीनमध्ये जोडणी, बटण, वायर यांचीच कुरबुर जास्त असते, आणि चांगला भाग परत पाठवून दुसरा आणला की तीच अडचण नव्या भागासकट पुन्हा समोर उभी राहते. आधी वीज कुठपर्यंत पोचते ते शोधू.

त्यासाठी एक गोष्ट समजून घ्या. फार जुन्या कॉम्प्युटरमध्ये समोरचं बटण थेट मुख्य वीजच तोडायचं आणि जोडायचं. १९९५ मध्ये एटीएक्स पद्धत आली आणि ते बदललं. आता समोरचं बटण मदरबोर्डला फक्त निरोप देतं. मागचा खटका चालू असला की पॉवर सप्लाय मदरबोर्डला सतत ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा करत राहतो, त्याला स्टँडबाय म्हणतात. बटण दाबलं की मदरबोर्ड पॉवर सप्लायला खूण करतो: २४ पिनांच्या मोठ्या प्लगमधली एक वायर, मूळ रंगसंगतीत हिरवी, तो ग्राउंडला जोडतो. मग सप्लाय १२ व्होल्टसकट बाकीचे पुरवठे सुरू करतो आणि सगळं ठीक असलं की "पॉवर गुड" असा उलटा निरोप देतो. तो मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो.

या साखळीतली कुठलीही कडी निखळली तरी बाहेरून एकच दिसतं: चालू होत नाही. म्हणून आधी हे बघा.

कॉर्ड थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये नको. सप्लायच्या मागच्या खटक्याची "।" खूण असलेली बाजू दाबलेली हवी, "०" नाही. २४ पिनांचा प्लग टक्‌ आवाज होऊन खिटी बसेपर्यंत आत गेलाय का? नव्या बोर्डावर तो इतका घट्ट असतो की बसला असं वाटतं आणि एक बाजू थोडी वर राहिलेली असते. मग प्रोसेसरजवळचा, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला ८ पिनांचा प्लग. तो ४+४ असा दुभंगतो. ग्राफिक्स कार्डाचाही ८ पिनांचा असतो, पण तो ६+२ असा. दोन्ही दिसायला भावंडं, आतली जोडणी मात्र उलटी. जोर लावून एकाच्या जागी दुसरा कधीच बसवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: खटका चालू असताना मदरबोर्डावर कुठे बारीकसा दिवा दिसतो का? सगळ्या बोर्डांवर तो नसतो, पण दिसला तर स्टँडबाय पोचलाय आणि सप्लाय निदान पूर्ण मेलेला नाही.

दिवा दिसला तर पुढची परीक्षा करा. बोर्डाच्या खालच्या काठाला समोरच्या पॅनेलच्या वायरींसाठी पिनांची जोडओळ असते. मॅन्युअलमधलं चित्र बघून पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा, त्यांवरचा प्लग काढा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्ही पिनांना एकदम क्षणभर टेकवा. तिथे अगदी कमी व्होल्टेज असतं, शॉक बसत नाही. फक्त शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नका. मशीन सुरू झालं तर बोर्ड आणि सप्लाय दोघांवरचा संशय बराचसा मिटतो.

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

वरच्या पत्राला पूर्ण दुजोरा. पण ताई सप्लायला हात घालायच्या आधी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण यात भाग जळू शकतो आणि माणसालाही इजा होऊ शकते.

पहिली, मॉड्युलर सप्लायच्या केबली. खोक्यात आल्या त्याच वापरा. घरात दुसऱ्या सप्लायच्या पडलेल्या केबली सप्लायच्या बाजूला अगदी बरोबर बसतात, पण तिकडच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह तिथल्या तिथे जातो.

दुसरी, पॉवर सप्लायचं झाकण कधीही उघडू नये. कॉर्ड काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज साठलेलं राहू शकतं. हिरवी आणि काळी वायर यू-पिनेने जोडून सप्लाय एकटा चालवून बघायची युक्ती बरेच जण सांगतात. ती प्लगच्या टोकाला करायची असते, सप्लाय न उघडता. तिच्यातून तो सुरू होतो एवढंच कळतं, भार पेलतो की नाही ते नाही. शिवाय आजकालच्या बऱ्याच सप्लायचा पंखा कमी भारावर फिरतच नाही. पंखा थांबलेला बघून सप्लाय गेला म्हणणं चुकीचं ठरेल.

आपल्यापैकी कुणी भारतातून जुना सप्लाय आणला असेल तर त्याच्या पाठीवर ११५/२३० असा लाल खटका आहे का बघा. तो ११५ वर असताना २३० च्या वीजेला लावला तर सप्लाय जळतो, आणि २३० वर असताना ११५ ला लावला तर बहुधा सुरूच होत नाही. बहुतेक नव्या सप्लायना १०० ते २४० व्होल्ट आपोआप चालतात, त्यांना हा खटकाच नसतो.

प्रेषक: ग्रंथालय विभाग

दादा, ताई, किती आभार मानू!

खोलीतले दिवे मालवले तेव्हा बोर्डाच्या उजव्या काठाला पांढरा ठिपका दिसला. आधी उजेडात तो कळतच नव्हता. दोन्ही प्लग तपासले, खिट्या नीट बसलेल्या आहेत. मग टॉर्च लेकीने धरला आणि मी खालची पिनांची ओळ शोधली. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचली. प्लग काढला, स्क्रूड्रायव्हर टेकवला, आणि सगळे पंखे एकदम फिरायला लागले! लेक ओरडलीच.

आता दोन प्रश्न. पॉवरचा प्लग परत मॅन्युअलप्रमाणे अगदी त्याच पिनांवर लावला तरी कॅबिनेटच्या बटणाने काही होत नाही, असं का? आणि पंखे फिरताहेत, पण स्क्रीन काळीच आहे. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात चार बारीक दिव्यांपैकी "डीरॅम" लिहिलेला पिवळा दिवा लागून राहतो. मी भीतीने लगेच बंद केलं. रॅम खराब आली असेल का?

प्रेषक: वेबसाइट समिती

ताई, फार छान! अवघड टप्पा पार पडला.

बटणाचं आधी. पिनांवर स्क्रूड्रायव्हरने सुरू होतं आणि बटणाने होत नाही, म्हणजे दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत. खात्री करायची सोपी रीत अशी: रीसेट बटणाचा दोन पिनांचा प्लग काढून पॉवर स्विचच्या पिनांवर लावा. दोन्ही बटणं एकाच जातीची, दाबलं की क्षणभर जोडणारी, उलटसुलट लावलं तरी चालतं. रीसेट बटणाने मशीन सुरू झालं की निदान पक्कं. कॅबिनेटवाल्याकडून बटण बदलून मिळेपर्यंत तसंच वापरा, काही बिघडत नाही.

आता पिवळा दिवा. रॅमला खराब ठरवू नका. ते चार दिवे प्रोसेसर, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (ड्राइव्हवरून सुरू होणं) यांचे. सुरू होताना बोर्ड या क्रमाने एकेकाची तपासणी करतो, आणि जिथे दिवा अडकून राहील तिथे अडचण. पण डीडीआर५ असलेला एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना प्रत्येक पट्टीशी सूर जुळवत बसतो. कुठला सिग्नल किती उशिरा पोचतो हे मोजून ठरवतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ स्क्रीन काळी आणि डीरॅमचा दिवा लागलेला, हे अगदी स्वाभाविक आहे. याला काही मिनिटं लागू शकतात, रॅम जास्त असेल तर आणखी. मध्येच बंद केलं की पुढच्या वेळी ते पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून चालू करा आणि पंधरा मिनिटं बटणाला हात लावू नका.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावलीय ना? बोर्डाच्या एचडीएमआयला लावली तर कार्ड बसवलेलं असताना तिथे चित्र न येण्याचीच शक्यता जास्त.

पंधरा मिनिटांनीही दिवा तसाच राहिला, तर कॉर्ड काढून एक पट्टी बाहेर काढा. दुसरी एकटी ए२ मध्ये लावा, म्हणजे प्रोसेसरपासून मोजलेल्या दुसऱ्या खाचेत, दोन्ही टोकं टक्‌ होईपर्यंत. ग्राफिक्स कार्डही काढून ठेवा. रायझन ७००० मध्ये, नावाच्या शेवटी एफ नसेल तर, प्रोसेसरमध्येच साधं ग्राफिक्स असतं. तेव्हा मॉनिटर बोर्डाला लावून बघता येईल. बोर्ड, प्रोसेसर, एक पट्टी, सप्लाय, एवढ्यावर चालतं का बघायचं आणि मग एकेक भाग परत चढवायचा. दोन भाग एकदम चढवू नका, नाहीतर कुणामुळे अडलं ते कळत नाही.

प्रेषक: कोषाध्यक्ष

दादा, हे माझ्याही ज्ञानात नव्हतं. एक विचारतो. माझ्या पुतण्याच्या मशीनमध्ये पंखे जरासे फिरतात आणि लगेच थांबतात, मग काही वेळ बटण दाबूनही काही होत नाही. हा तोच प्रकार का?

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

काका, हा वेगळा. पंखे उसळून थांबणं म्हणजे बहुधा सप्लायला कुठेतरी शॉर्ट जाणवतोय आणि तो स्वतःला बंद करून घेतोय. ते संरक्षण मागची कॉर्ड काढून थोडा वेळ थांबल्यावरच सुटतं, म्हणून मध्ये बटण दाद देत नाही.

आधी मदरबोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला कॅबिनेटपासून उचलून धरणारे खुंट, बघायला सांगा. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच खाली स्टँडऑफ हवा. कॅबिनेट वेगवेगळ्या आकारांच्या बोर्डांसाठी असतं, त्यामुळे एखादा जास्तीचा आधीच बसवलेला असतो आणि तो बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकतो. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघा. अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिची बाहेरची बाजू वीज वाहू शकते. बाहेर चाललं आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर दोष तिथेच सापडेल. बाहेरही तसंच झालं, तर मग सप्लाय किंवा बोर्ड बदलायचं बोला.

प्रेषक: ग्रंथालय विभाग

मंडळी, चाललं!

रीसेटचा प्लग पॉवरच्या पिनांवर लावला, बटण दाबलं, पंखे सुरू झाले. पिवळा दिवा लागला तेव्हा लेक म्हणाली, "आई, हात लावू नकोस." आम्ही दोघी जमिनीवर बसून त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. तो विझला, पांढरा लागला, मग हिरवा, आणि स्क्रीनवर बायोस, म्हणजे बोर्डाचा स्वतःचा सेटिंगचा पडदा, आलं. दोन्ही पट्ट्या, एसएसडी, सगळं तिथे दिसतंय. लेकीने लगेच पेनड्राइव्ह लावला. विक्रेत्याला कळवलं की बोर्ड आणि सप्लाय दोन्ही उत्तम आहेत, आम्हाला फक्त कॅबिनेटचं बटण हवंय. तो पाठवतो म्हणाला.

एक शेवटचा प्रश्न लेकीचा: बायोसमध्ये रॅमचा वेग ४८०० दाखवतोय, खोक्यावर ६००० लिहिलंय. फसवलं का आम्हाला?

प्रेषक: वेबसाइट समिती

अभिनंदन, दोघींचंही! खूप आनंद झाला.

नाही, फसवलेलं नाही. ४८०० हा डीडीआर५ चा मूळ ठरलेला वेग, पट्टी पहिल्यांदा त्याच वेगाने उठते. ६००० साठी बायोसमध्ये एक्स्पो नावाचा पर्याय चालू करून सेव्ह करावं लागेल. विंडोज आधी आहे त्याच वेगावर बसवून घ्या, एक्स्पो नंतर. तो चालू केल्यावर ट्रेनिंग पुन्हा होईल, स्क्रीन काळी राहील आणि डीरॅमचा तोच दिवा लागेल. तेव्हाही तितकंच थांबा. ६००० वर अडलंच तर कॉर्ड काढून सीमॉस क्लिअरच्या (बायोसमधली सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने टेकवा, बोर्ड परत ४८०० वर येईल. त्या पिना कुठे आहेत ते पान लेकीला आत्ताच शोधून ठेवायला सांगा.