कराड–पाटण–हेळवाक रोजची फेरी: दणकट गाडी घ्यावी की अ‍ॅव्हरेज देणारी?

गोठ्यावरचा_डॉक्टर

नमस्कार मंडळी,

मी जनावरांचा डॉक्टर. राहायला कराडला, काम पाटण तालुक्यात. मल्हारपेठ, पाटण करत हेळवाकपर्यंत जाणं असतं, अधूनमधून मोरगिरी नाहीतर ढेबेवाडी खोऱ्यात. महिन्याला साधारण १,८०० किमी गाडी पळते. त्यातला बहुतेक रस्ता डांबरी आहे. घोडं अडतं ते गावातून वर वस्तीकडे जाणाऱ्या चढणीला. तांबडी माती, मधोमध पाण्यानं पाडलेली चर, एका अंगाला बांध. जुलै-ऑगस्टमध्ये कोयना खोऱ्यात पाऊस कसा कोसळतो ते इकडच्या लोकांना सांगायला नको.

सध्या जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. चढणीला पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. मग गाडी खाली लावायची, औषधांची पेटी खांद्याला, नायट्रोजनचा कॅन हातात आणि चालायला लागायचं. कृत्रिम रेतनासाठीच्या वीर्याच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना ठेवतात. कॅन कायम उभाच राहिला पाहिजे. आडवा झाला की नायट्रोजन सांडतो आणि सगळ्या कांड्या वाया जातात. शिवाय बंद गाडीत तो वायू साठला तर माणसाला ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून भर पावसातही एक काच बोटभर उघडी ठेवावी लागते. त्यामुळे डिकीत कॅन उभा राहतो का, त्याला पट्टा बांधायला जागा आहे का, हे मी आधी बघतो.

रात्री-अपरात्री फोन येतो, "डॉक्टर, गाय अडलीय." वासराचे पाय बाहेर दिसताहेत आणि कळा थांबल्यात, अशा वेळी वीस मिनिटं चढ चढण्यात गेली तर वासरू हातचं जातं, कधी गायही जाते. एका दुभत्या गाईवर घर चालवणारी माणसं आहेत ही. गाडी घेताना हे माझ्या डोळ्यासमोर असतं.

दोन गाड्या मनात आहेत. एक बोलेरो निओ: लॅडर फ्रेम (ट्रकसारखा वेगळा सांगाडा), मागची चाकं ओढणारी, १.५ लिटर डिझेल. दुसरी हायरायडर किंवा ग्रँड व्हिटारा, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किमी आहे. ब्रेझा सीएनजी पाहिली, पण टाकी डिकीत येते, कॅन ठेवायचा कुठे? बजेट ऑन-रोड १३-१४ लाख. हायब्रिडसाठी कर्ज वाढवावं लागेल, पण इंधनात वाचेल त्यातून वाढीव हप्ता निघेल असं शोरूमवाले सांगतात. खरंच निघतो का? घरी बायको आणि दोन लहान मुलं आहेत, महिन्यातून एकदा तरी पुण्याला जाणं होतं. वापरणाऱ्यांनी सांगा.

गोदाकाठ

डॉक्टर, माझ्याकडे हायरायडर हायब्रिड आहे, नाशिकला. गाडीवर मी खूश आहे, तरी तुम्हाला घ्या म्हणणार नाही.

हायब्रिडची खरी कमाई सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये होते. गाडी थांबते, सरकते, पुन्हा थांबते, त्यात इंजिन बराच वेळ बंदच असतं. शहरात मला २४ च्या आसपास मिळतं. हायवेला शंभरच्या वेगानं धरली की २० वर येते. तुमच्या कराड-पाटण रस्त्याला सिग्नल असे किती?

घाटाचंही ऐका. बॅटरी फक्त ०.७६ युनिटची. कसारा उतरताना ती अर्ध्या वाटेत भरून जाते, मग ब्रेकमधली ऊर्जा साठवायला जागाच राहत नाही. तिथून पुढे गिअरचा 'बी' मोड लावून इंजिनवरच गाडी रोखायची. कुंभार्लीला असंच होईल. आणि बॅटरी मागे असल्यामुळे डिकी लहान झाली आहे. कॅन घेऊनच शोरूमला जा.

अजून एक गोष्ट शोरूममध्ये लोकांना पटकन कळत नाही. चारही चाकं ओढणारा पर्याय या गाड्यांत आहे, पण तो साध्या १.५ पेट्रोलला मिळतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये फक्त पुढचीच चाकं ओढतात. म्हणजे आज तुमची हॅचबॅक जिथे अडते, तिथे ही फक्त थोडी उंच उभी राहील.

राजगडपायथा

मी निओवाला, वेल्ह्याचा. एन१० (ओ) घेतली ती मागच्या लॉकिंग डिफरन्शिअलसाठी. साध्या गाडीत एक चाक चिखलात फिरायला लागलं की सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते, दुसरं चाक टणक जमिनीवर नुसतं उभं राहतं. निओत दोन्ही चाकांच्या वेगात फरक पडला की आतून खट् असा आवाज येतो, दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि गाडी वर निघते. बटण वगैरे काही दाबायचं नाही. पण ही सोय फक्त त्याच व्हेरिअंटला आहे, बुकिंगच्या वेळी कागदावर लिहून घ्या.

चढाला पुढची चाकं का फिरतात तेही सांगतो. चढावर गाडीचा भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात. आमच्याकडे पुढची चाकं ओढणारी गाडी अडली की वळवून उलटी चढवतात, तेव्हा बऱ्याचदा निघते. पण मागून ओढणारी गाडीही अगदी रिकामी असेल तर घसरते. मागची आडवी सीट दुमडून तुमची पेटी आणि कॅन तिथे ठेवले तर भार आपोआप योग्य जागी येईल.

अ‍ॅव्हरेज १४. पाठीला दणके बसतात, हायवेच्या वळणावर गाडी झुलते. मला त्याचं काही वाटत नाही, घरच्यांना वाटतं.

गोठ्यावरचा_डॉक्टर

दोघांचे आभार. रात्री बसून हिशोब मांडला. वर्षाला २१,६०० किमी, पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरलं. हायब्रिड २२ नं गेली तर वर्षाला सुमारे १,०२,००० रुपये. निओ १४ नं गेली तर १,४०,०००. वाचले वर्षाचे ३८ हजार. गाड्यांच्या किमतीत फरक ६ लाखांच्या पुढे. म्हणजे नुसता फरक वसूल व्हायला पंधरा-सोळा वर्षं, वर वाढीव कर्जाचं व्याज वेगळं. हप्ता इंधनातून निघतो हे माझ्या फेरीला तरी लागू होत नाही. पुण्यात रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्याचा हिशोब वेगळा येईल.

हायब्रिड बाद. निओकडे झुकतोय.

रात्रपाळी_१०८

डॉक्टर, थोडं थांबा. मी रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम करते, माझ्या ड्युटीत हायवे येतो. चढणीवर गाडी अडली तर माणूस चालत जातो. रात्री दोनला समोरून विनालाईटची ट्रॉली आली तर काय होतं ते मी जवळून बघते.

गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेनं एप्रिल २०२४ मध्ये बोलेरो निओला पाचपैकी १ स्टार दिला, मोठ्यांसाठी १ आणि मुलांसाठीही १. सांगाडा अस्थिर असल्याचा शेरा त्यांच्या अहवालात आहे. जाड पत्रा आणि उंच बॉनेट म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज आपल्या भागात फार घट्ट आहे. टक्कर झाली की बसणाऱ्याची जागा शाबूत राहिली पाहिजे, आणि ते काम सांगाड्याचं असतं.

त्याच नियमांखाली नेक्सॉनला फेब्रुवारी २०२४ मध्ये ५ स्टार मिळाले. एक्सयूव्ही ३एक्सओला भारत एनकॅपमध्ये, म्हणजे आपल्या देशातल्या तशाच चाचणीत, ५ आहेत. दोन्हींत १.५ डिझेल येतं, दोन्ही चार मीटरच्या आत. मुलं लहान आहेत म्हणालात. कोणतीही गाडी घ्या, पण मुलांच्या सीट आयसोफिक्सला (गाडीच्या सीटमधल्या पक्क्या कड्यांना) बसवा आणि मागच्यांनाही पट्टा लावायला लावा. एवढं मनापासून सांगते.

राजगडपायथा

ताईंचं खोटं नाही. माझी फेरी गावातल्या गावात आहे, वेग चाळीसच्या वर जात नाही, म्हणून मला निओ चालते. रोज हायवे असता तर मीही विचार केला असता.

गोठ्यावरचा_डॉक्टर

ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आमच्या घरात निओचा विषय तिथेच संपला.

आता नेक्सॉन आणि ३एक्सओ डिझेल बघतोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेलला १८ टक्के जीएसटी आहे, पेट्रोलला ती मर्यादा १,२०० सीसी. म्हणून ब्रेझा आणि जिम्नी आकारानं लहान असूनही १,४६२ सीसीमुळे ४० टक्क्यांत जातात. जिम्नीला फोर बाय फोर आणि लो गिअर आहे, मन तिथेच ओढ घेतं, पण चार सीट आणि इवलीशी डिकी. घरचे बसले की कॅनला जागा नाही. महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्स २ टक्के जास्त पडतो, तरी बजेटमध्ये बसतंय. नेक्सॉन १७ नं गेली तर वर्षाचं डिझेल सुमारे १,१६,००० चं. हायब्रिडपेक्षा वर्षाला १४ हजार जास्त, तेवढे मी आनंदानं भरीन.

दोनच शंका आहेत. पुढची चाकं ओढणारी गाडी ती चढण कशी चढवायची? आणि डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक होतो म्हणतात, त्याचं काय?

चिपळूण_गॅरेजवाला

डीपीएफनं त्रास त्यांना होतो जे रोज दोन-तीन किमी जाऊन गाडी बंद करतात. काजळी जळायला सायलेन्सर तापावा लागतो. तुम्ही कराडहून पाटणला एका दमात ३५ किमी जाता, गाडी तिथेच स्वतःला साफ करून घेईल. दिवा लागलाच तर घाबरू नका. पंधरा-वीस मिनिटं साठ-सत्तरच्या वेगानं, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून चालवा, मध्ये बंद करू नका. दिवा दिसत असताना तशीच वापरत राहिलात तर मात्र खर्च येतो.

चढणीचं उत्तर टायरमध्ये आहे. कंपनीकडून येणारे टायर डांबरासाठी असतात, तांबड्या चिखलात त्यांच्या खाचा पहिल्याच फेऱ्यात भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. ए/टी, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे टायर टाका. साईज कंपनीचीच ठेवा, मोठा टायर घातला की स्पीडोमीटर चुकतो आणि वळणावर आत घासतो. आवाज थोडा वाढेल, अ‍ॅव्हरेज थोडं उतरेल. ओल्या डांबरावर ब्रेक जरा लांब लागतो, पहिले काही दिवस अंदाज घेऊन चालवा. चारही चाकांना सारखे टायर हवेत. पैसे वाचवायला पुढे दोनच घातले तर उतारावर मागची बाजू फिरते.

चढणीच्या पायथ्याशी हवा ३३ वरून २४ पर्यंत उतरवा, टायर पसरून माती धरतो. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत ठेवा आणि डांबरी लागायच्या आत हवा परत भरा. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करता येत असेल तर चिखलात तेवढ्यापुरतं बंद करा, नाहीतर चाक फिरलं की ते इंजिनची ताकदच कापतं आणि गाडी मध्येच थांबते. पहिला गिअर, एक्सलेटर हलका आणि एकसारखा, मध्ये गिअर बदलायचा नाही. एवढ्यानं बहुतेक वस्त्यांवर पोचाल. ऐन श्रावणात एखादी चढण राहीलच, तिथे फोर बाय फोरशिवाय इलाज नाही.

टेस्ट ड्राइव्हला कॅन बांधून न्या, कराडातच एखाद्या कच्च्या रस्त्यावर घाला आणि गाडीचं पोट कुठे टेकतं ते खाली वाकून बघा. नेक्सॉनचा ग्राउंड क्लिअरन्स २०८ मिमी आहे, पण तो रिकाम्या गाडीचा आकडा. घरचे सगळे आणि सामान बसवून बघा.