मदत हवी आहे: पीसीच्या वॉटर कूलिंगच्या ब्लॉकमध्ये पांढरा गाळ, लूप धुवायचा कसा?

नमस्कार मंडळी, भुसावळहून लिहितोय. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. पीसीला कस्टम लूप आहे, म्हणजे पाणी फिरवून चिप गार ठेवणारी, सुट्या भागांतून जोडलेली यंत्रणा: सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर ब्लॉक (चिपला टेकून बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा), पाणी गार करणारा ३६० एमएम रेडिएटर, डी५ पंप, मऊ पारदर्शक नळ्या आणि दुधासारखं पांढरं पेस्टल कूलंट.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास लग्नसराई आणि ऊन दोन्ही एकदम अंगावर येतात. आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि लूपमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, म्हणून उन्हाळ्यात तापमान थोडं चढणार हे धरूनच चालतो. यंदाचं प्रकरण वेगळं वाटतंय. खोलीत डेझर्ट कूलर सुरू, रेडिएटरची धूळ ब्लोअरने काढलेली, तरी रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करायला) लावला की सीपीयू लगेच ९५ वर जाऊन स्पीड पाडतो. थांबवला की झटकन खाली. ग्राफिक्स कार्ड मात्र ६५ च्या आसपासच. म्हणजे पाणी फार तापलेलं नाही, सीपीयूची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, असं मला वाटलं.

म्हणून पाणी काढून ब्लॉक उघडला. तांब्याच्या तळावर केसाएवढ्या बारीक खाचा असतात ना, त्यांच्या बरोब्बर मध्ये, जिथे वरच्या फटीतून पाण्याचा मारा बसतो, तिथे पांढरा चिकट थर. टूथपिकने ओढला तर ओल्या चुन्यासारखा लांबतो. नळ्याही आतून धुरकट झाल्यात. बोअरचं पाणी लूपमध्ये कधीच गेलेलं नाही, त्यामुळे हा क्षार नसावा.

गीझरची कॉइल आम्ही व्हिनेगरने साफ करतो, तसं इथे चालेल का? ब्लॉकवर निकेलचा मुलामा आहे. आणि धुवायला आरओचं पाणी घेऊ की इन्व्हर्टरच्या बॅटरीचं? हातात दोन लग्नं आहेत, कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १
भाऊ, व्हिनेगर अजिबात नको, निकेल जाईल. शिवाय हा क्षार नाहीच. मऊ नळीतून सुटणारं प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवायला घातलेलं रसायन) आणि पेस्टल कूलंटचा रंग असं मिळून ते जमतं, त्यावर आंबट काही कामाचं नाही. भांड्यांचा लिक्विड साबण, कोमट पाणी आणि मऊ टूथब्रश घ्या, खाचांच्या दिशेनेच फिरवा. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवा, साबण राहिला तर लूपमध्ये फेस होतो. रेडिएटर गरम डिस्टिल्ड पाण्याने अर्धा भरा, हलवा, पांढऱ्या बादलीत ओता. बादलीत कण दिसेनासे होईपर्यंत हेच.

आरओ नको, त्यात क्षार उरतातच. बॅटरीवाल्याकडचं चालेल, पण सीलबंद डिमिनरलाइज्ड पाण्याचाच कॅन मागा. त्याच दुकानात अ‍ॅसिडचेही कॅन असतात, लेबल वाचूनच उचला.

प्रतिसाद २
नळ्या धुवत बसू नका, बदला. काळी ईपीडीएम (एक प्रकारच्या रबराची) नळी घ्या, तिच्यातून प्लॅस्टिसायझर सुटत नाही. कूलंट साधं, बिनरंगाचं. नुसतं डिस्टिल्ड ठेवलं तर शेवाळ धरतं, म्हणून गंजरोधक आणि बायोसाइड (शेवाळ-जंतू मारणारं औषध) असलेलंच घ्या आणि दरवर्षी बदला. रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे की अ‍ॅल्युमिनियमचा, तेही बघा. तांब्याच्या ब्लॉकसोबत अ‍ॅल्युमिनियम असेल तर अ‍ॅल्युमिनियम आतून गंजत जातं.

भरताना मदरबोर्ड आणि कार्डाच्या वायरी काढून ठेवा. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या प्लगमध्ये हिरवी आणि काळी वायर जोडली की फक्त पंप चालतो. वायरींना रंग नसेल तर पिनांचा नकाशा बघूनच जोडा. पंप कोरडा फिरू देऊ नका. जोडांखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर चालू द्या.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. रेडिएटर तांब्याचाच आहे. नळी आणि कूलंट मागवतो, तोवर सीपीयूवर मित्राचा पंख्याचा एअर कूलर लावून हातातली लग्नं संपवतो. ग्राफिक्स कार्डाचं तापमान ठीक आहे, तरी त्याचाही ब्लॉक उघडू का?

प्रतिसाद १
उघडा, पाणी तेच फिरलंय. थर्मल पॅड (कार्डाचे भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्या) मात्र आधी मोजून त्याच जाडीचे आणा. जाड पडले तर ब्लॉक चिपला नीट टेकत नाही.